वैयक्तिक संगणक आणि मेनफ्रेम : टर्मिनल सॉफ्टवेअरची निवड कशी करावी?

बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या खिडकीपाशी आपण उभे असतो. पलीकडे बसलेला कर्मचारी आपला क्रमांक विचारतो, टेबलावरील लहानशा संगणकाच्या काही कळा दाबतो आणि आपल्या खात्याचा तपशील वाचून दाखवितो. पाहणाऱ्यास असे वाटते की, ही सारी माहिती त्या लहान संगणकातच साठविलेली असावी. पुष्कळदा तसे नसते. जगातील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आणि शासकीय यंत्रणा यांचे मूळ हिशेब मेनफ्रेम या प्रकारच्या मोठ्या संगणकावर ठेवलेले असतात. अशा ठिकाणी टेबलावरचा संगणक हा त्या मोठ्या संगणकाची केवळ एक खिडकी असतो.

ही खिडकी ज्या आज्ञावलीमुळे उघडते, तिला टर्मिनल सॉफ्टवेअर असे म्हणतात. बाजारात अशी अनेक सॉफ्टवेअर आहेत. काही विकत मिळतात, तर काही विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु चुकीची निवड झाली तर नावातील अक्षरे बदलतात, रकमेतील आकडे बिघडतात आणि गुप्त परवलीचा शब्द परक्याच्या हाती पडतो. याची झळ तंत्रज्ञाला लागत नाही, खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या नागरिकाला लागते. शिवाय पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील संगणक कंपन्यांत परदेशी बँकांच्या व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची कामे वर्षानुवर्षे चालत आली आहेत, आणि आपल्या भागातील तरुण तेथे नोकरीस जात असतात. म्हणून शिक्षक, अधिकारी आणि जिज्ञासू वाचक या सर्वांना या विषयाची ओळख असणे उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखक हा कला शाखेचा पदवीधर असून यंत्रशास्त्र हा त्याच्या शिक्षणाचा विषय नव्हे. त्यामुळे सामान्य वाचकास ज्या ठिकाणी अडखळावयास होते, त्या ठिकाणांची त्याला चांगली कल्पना आहे.

मेनफ्रेम आणि टर्मिनल

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेनफ्रेम म्हणजे महासंगणक नव्हे. हवामानाचा अंदाज किंवा विज्ञानातील अवघड गणिते यांसाठी अतिवेगाने आकडेमोड करणे हे महासंगणकाचे काम होय. मेनफ्रेमचे काम निराळे आहे. एकाच वेळी हजारो माणसांच्या लहान लहान व्यवहारांची अचूक नोंद करणे आणि ते काम अखंड चालू ठेवणे, हे त्याचे वैशिष्ट्य. जिल्ह्याच्या कोषागाराशी त्याची तुलना करता येईल. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. त्याच कंपनीची आजची झेड मालिका ही तिची थेट वंशज आहे.

प्रारंभीच्या काळात संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे छिद्रे पाडलेली कार्डे होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळी कार्डांचा गठ्ठा यंत्रापाशी द्यावयाचा आणि छापील उत्तराची वाट पाहावयाची, अशीच सर्वत्र रीत होती. पुढे पडदा आणि कळफलक असलेले टर्मिनल आले आणि माणूस यंत्राशी समोरासमोर बोलू लागला. या टर्मिनलला स्वतःची बुद्धी बेताचीच असे. मेनफ्रेमने पाठविलेला मजकूर दाखविणे आणि माणसाने लिहिलेला मजकूर परत पोहोचविणे, एवढेच त्याचे कर्तव्य होते. आज तशी यंत्रे क्वचितच दिसतात. त्यांची जागा वैयक्तिक संगणकाने घेतली आहे. मात्र मेनफ्रेम अजूनही आपल्यासमोर तेच जुने टर्मिनल आहे, असे समजून बोलत असतो. टर्मिनल सॉफ्टवेअरचे काम म्हणजे त्या जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविणे होय. हे सोंग कोणत्या यंत्राचे घ्यावयाचे, येथूनच निवडीला आरंभ होतो.

टर्मिनलची दोन घराणी

टर्मिनलची प्रमुख घराणी दोन. पहिले घराणे आयबीएमच्या ३२७० या टर्मिनलचे. ते १९७१ साली आले. त्याची रीत कचेरीतील छापील अर्जासारखी आहे. मेनफ्रेम संपूर्ण पडदाभर एक अर्ज मांडतो. त्यातील ‘नाव’, ‘खाते क्रमांक’ ही शीर्षके छापील असतात. त्यांवर लिहू गेल्यास यंत्र लिहू देत नाही. रिकाम्या चौकटी मात्र आपण भरावयाच्या असतात. अर्ज भरत असताना मेनफ्रेमला त्याची वार्ताही नसते. आपण ‘एंटर’ ही कळ दाबली की, ज्या चौकटींत बदल झाला असेल तेवढ्याच चौकटींचा मजकूर एकदम पाठविला जातो. उत्तर येईपर्यंत कळफलक बंद राहतो आणि पडद्याच्या तळाशी तशी खूण उमटते. एकेका यंत्रावर शेकडो माणसांचे काम चालावयाचे आणि तारांचा वेग कमी, अशा काळात ही योजना फार शहाणपणाची होती.

दुसरे घराणे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या व्हीटी१०० या टर्मिनलचे. ते १९७८ साली आले. त्याची रीत दूरध्वनीवरील संभाषणासारखी आहे. एकेक अक्षर दाबताच ते पलीकडे जाते, तेथून परत येते आणि मग पडद्यावर उमटते. व्हॅक्स आणि युनिक्स या प्रणालींवर ही पद्धत रूढ झाली.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न गैरलागू आहे. छापील अर्ज हाती देणाऱ्या कारकुनाशी दूरध्वनीवरून बोलून अर्ज भरला जात नाही, हाच काय तो मुद्दा. पुट्टी हे विनामूल्य सॉफ्टवेअर अनेकांच्या परिचयाचे आहे. ते दुसऱ्या घराण्यातील आहे. आयबीएम मेनफ्रेमवरील युनिक्स विभागात सुरक्षित मार्गाने प्रवेश करावयाचा असेल तर ते चालते. परंतु ३२७० चे अर्जवजा पडदे त्याला दाखविता येत नाहीत. आयबीएमच्याच मध्यम आकाराच्या एएस/४०० या संगणकासाठी ५२५० नावाचे टर्मिनल असते. ते ३२७० चे भावंड खरे, पण त्याची भाषा वेगळी असल्याने त्याला वेगळे सॉफ्टवेअर लागते. सबब ‘आयबीएमशी जोडणारे सॉफ्टवेअर’ एवढीच मागणी नोंदविणे अपुरे आहे. कोणत्या घराण्याचे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

पडद्याचा आकार हाही याच प्रश्नाचा एक भाग आहे. ३२७० चा रूढ पडदा २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, असा असतो. यास दुसरा नमुना म्हणतात. तिसऱ्या नमुन्यात ३२ व चौथ्यात ४३ ओळी असतात, तर पाचव्यात २७ ओळी व प्रत्येकी १३२ अक्षरे असतात. मेनफ्रेमवरील आज्ञावली कोणत्या नमुन्यासाठी लिहिली आहे, हे विचारून घ्यावे.

वैयक्तिक संगणक टर्मिनल कसा झाला

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्यानंतर एकाच टेबलावर एक टर्मिनल आणि एक वैयक्तिक संगणक अशी दोन यंत्रे ठेवण्याची अडचण सुरू झाली. १९८२ मध्ये इर्मा नावाचे एक कार्ड अमेरिकेत विक्रीस आले. ते वैयक्तिक संगणकात बसविले आणि टर्मिनलची जाड तार त्यास जोडली की, तोच संगणक ३२७० चे काम करू लागे.

पुढे संगणकांचे जाळे पसरले आणि स्वतंत्र तारेची गरज उरली नाही. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी टेलनेट ही पद्धत १९८३ साली आरएफसी ८५४ या दस्तऐवजाने निश्चित झाली होती. तिच्यावरून ३२७० चे पडदे वाहून नेण्याच्या पद्धतीस टीएन३२७० असे नाव पडले, आणि १९९४ मध्ये तिचे रूढ स्वरूप लेखनिविष्ट करण्यात आले. तिची सुधारलेली आवृत्ती टीएन३२७०ई ही होय. ती १९९८ च्या आरएफसी २३५५ या दस्तऐवजात वर्णिलेली आहे. या सुधारलेल्या पद्धतीत प्रत्येक टर्मिनलला ठरावीक नाव मागून घेता येते आणि मेनफ्रेमवरून छापखान्यासही मजकूर धाडता येतो. काही कार्यालयांत टर्मिनलच्या नावावरूनच कोणत्या शाखेला कोणते अधिकार द्यावयाचे हे ठरते. अशा ठिकाणी केवळ जुनी पद्धत जाणणारे सॉफ्टवेअर घेतल्यास पडदा दिसेल, पण काम अडेल.

एकच अक्षर, दोन क्रमांक

संगणक अक्षरे ओळखत नाही. तो क्रमांक ओळखतो. कोणत्या अक्षरास कोणता क्रमांक, याचे कोष्टक ठरलेले असते. वैयक्तिक संगणकाचे कोष्टक आस्की या कुळातील आहे, तर आयबीएम मेनफ्रेमचे एबसिडिक या कुळातील. इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक आस्कीत ६५, तर एबसिडिकमध्ये १९३ आहे. शून्य या अंकाचा क्रमांक आस्कीत ४८ आणि एबसिडिकमध्ये २४० आहे. टर्मिनल सॉफ्टवेअर हे दोन्ही कोष्टके जाणणाऱ्या दुभाष्याचे काम करते.

एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. एबसिडिकचेही पोटभेद आहेत. त्यांना कोड पेज म्हणतात. अमेरिकेत कोड पेज ०३७ रूढ आहे, युरोपातील काही ठिकाणी ५००, तर युनिक्स विभागात १०४७ वापरले जाते. इंग्रजी अक्षरे व अंक या तिन्हींत सारखेच आहेत. फरक पडतो तो चिन्हांत. ९० हा क्रमांक ०३७ मध्ये उद्गारचिन्ह आहे, तर ५०० मध्ये तो उजवा चौकोनी कंस आहे. नवशिक्याला पडदा अगदी बरोबर दिसतो, कारण नावे व आकडे जागच्या जागी असतात. परंतु परवलीच्या शब्दात उद्गारचिन्ह असेल तर प्रवेश नाकारला जातो आणि त्याचे कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. दिसते तसे नसते, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. म्हणून मेनफ्रेमचे कोड पेज कोणते, हे आरंभीच लिहून घ्यावे आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तेच ठेवावे.

क्रमवारीतही अशीच गंमत आहे. आस्कीत आधी अंक, मग मोठी अक्षरे आणि मग लहान अक्षरे येतात. एबसिडिकमध्ये आधी लहान अक्षरे, मग मोठी अक्षरे आणि शेवटी अंक येतात. मेनफ्रेमवर क्रमाने लावलेली यादी वैयक्तिक संगणकाला अस्ताव्यस्त वाटते, ती यामुळे.

१२३४५ चे १२९४२ कसे होतात

टर्मिनलचा उपयोग केवळ पाहण्यासाठी नसतो. मेनफ्रेमवरील फाईल आपल्या संगणकावर उतरवून घेणे, हे अनेक कार्यालयांचे नित्याचे काम असते. सर्वांत मोठा धोका येथेच आहे, म्हणून हा भाग वाचकांनी सावकाश समजून घ्यावा.

मेनफ्रेमवर रकमा पुष्कळदा जागा वाचविण्यासाठी दाबून साठवितात. संगणकाच्या स्मृतीतील बाइट या एका कप्प्याचे दोन अर्धे भाग करतात आणि प्रत्येक अर्ध्या भागात एक अंक बसवितात. शेवटच्या अर्ध्या भागात रक्कम जमा की नावे, हे सांगणारी खूण असते. १२३४५ ही जमेची रक्कम तीन कप्प्यांत अशी बसते : पहिल्यात १२, दुसऱ्यात ३४ आणि तिसऱ्यात ५सी. यातील ‘सी’ ही जमेची खूण.

आता समजा, एखाद्या कार्यालयात निवृत्तिवेतनधारकांची अशी फाईल उतरवून घेताना कर्मचाऱ्याने ‘मजकूर’ हा प्रकार निवडला. सॉफ्टवेअर प्रत्येक कप्प्यात अक्षर आहे असे समजून त्याचे एबसिडिकमधून आस्की कुळात भाषांतर करील. कोड पेज ०३७ च्या रूढ तक्त्यानुसार १२ हा कप्पा १२ च राहतो, ३४ चा ९४ होतो, आणि ५सी हा मेनफ्रेमच्या दृष्टीने फुलीचे चिन्ह असल्याने त्याचा २ए होतो. ‘ए’ हीसुद्धा जमेची मान्य खूण आहे. परिणामी ही फाईल पुढे वाचणारी आज्ञावली कोणतीही तक्रार न करता १२९४२ ही रक्कम दाखविते. पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत, घंटा वाजत नाही. केवळ ५९७ रुपयांचा फरक पडतो. मेनफ्रेमवरील मूळ नोंद शाबूत असते, हे खरे. परंतु उतरवलेल्या फाईलवरून यादी छापली गेली, तर त्या यादीतील वृद्धाला हा फरक कोण समजावून सांगणार?

यावर उपाय दोन. एक म्हणजे मेनफ्रेमवरच त्या रकमा साध्या अंकांत लिहून घ्याव्यात आणि मग ती फाईल मजकूर म्हणून उतरवावी. दुसरा म्हणजे फाईल जशीच्या तशी, भाषांतराविना उतरवावी आणि कोणत्या कप्प्यात काय आहे याचा आराखडा हाती घेऊन ती वैयक्तिक संगणकावर उलगडावी. ३२७० घराण्यात या कामासाठी आयएनडी डॉलर फाईल ही मेनफ्रेमवरील आज्ञावली वापरतात. तिला ‘आस्की’ व ‘सीआरएलएफ’ हे दोन पर्याय दिले तर ती फाईल मजकूर म्हणून पाठविते; न दिल्यास जशीच्या तशी पाठविते. आपण निवडीत असलेल्या सॉफ्टवेअरला या आज्ञावलीशी व्यवहार करता येतो काय, आणि दोन्ही प्रकार कर्मचाऱ्यास स्पष्ट शब्दांत दिसतात काय, हे तपासावे.

फाईल वाहतुकीच्या इतिहासातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली विद्यार्थ्यांना मोठ्या संगणकावर फाईली ठेवण्यास जागा अपुरी पडू लागली. त्या लहान संगणकांच्या चकत्यांवर नेता याव्यात, म्हणून फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी कर्मिट ही पद्धत तयार केली. त्यांच्यापुढे आयबीएमचा मेनफ्रेमही होता, आणि तो काही विशेष क्रमांक तारेवरून पुढे जाऊच देत नसे. तेव्हा त्यांनी सर्वांत काटेकोर यंत्राला जे चालेल तेवढेच वापरावयाचे, असे ठरविले. फाईलचे लहान लहान तुकडे केले, अडणाऱ्या क्रमांकांना साध्या अक्षरांचे रूप दिले, प्रत्येक तुकड्यासोबत पडताळ्याची बेरीज जोडली आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा तुकडा धाडावयाचा नाही, असा नियम केला. ही पद्धत वेगवान नव्हती; परंतु विश्वासू होती, आणि नाना प्रकारच्या संगणकांवर ती पोहोचली. कोलंबिया विद्यापीठाने २०११ साली तो प्रकल्प थांबविला आणि त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. आधी यजमान ओळखावा, मग साधन ठरवावे, हा त्याचा धडा आजही जुना झालेला नाही.

कळफलकाची ओळख

३२७० च्या कळफलकावर ‘पीएफ’ नावाच्या २४ कळा असत. वैयक्तिक संगणकावर तशा कळा १२ च असतात. उरलेल्या १२ कळांचे काम बहुधा ‘शिफ्ट’ ही कळ जोडून केले जाते. त्याखेरीज ‘क्लिअर’, ‘रीसेट’, ‘अटेन्शन’ आणि ‘पीए’ या खास कळा असत. जुन्या टर्मिनलवर पुढच्या ओळीस नेणारी कळ आणि ‘एंटर’ या दोन वेगवेगळ्या कळा होत्या. त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडील ‘कंट्रोल’ ही कळ ‘एंटर’चे काम करते. नव्या कर्मचाऱ्यास हे ठाऊक नसले म्हणजे तो यंत्र बिघडले असे समजतो. कळांची मांडणी बदलता येते काय, आणि एकदा ठरविलेली मांडणी कार्यालयातील सर्व संगणकांवर एकसारखी ठेवता येते काय, हे पाहावे. दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने रंगीत सजावटीपेक्षा ही सोय अधिक मोलाची आहे.

सुरक्षितता

मूळच्या टेलनेट पद्धतीत सर्व मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. नाव, परवलीचा शब्द, खात्यातील शिल्लक, हे सारे वाटेत टपून बसलेल्यास वाचता येते. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच प्रकारे परवलीचे शब्द चोरले गेले, आणि त्यानंतर तेथील टाटू य्‌लोनेन यांनी एसएसएच ही सुरक्षित पद्धत तयार केली. व्हीटी१०० घराण्यासाठी आज तीच रूढ आहे. ३२७० साठी टीएलएस या सांकेतिक आवरणातून टीएन३२७० चालविले जाते. टीएलएसच्या चालू आवृत्त्या न जाणणारे सॉफ्टवेअर, ते कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नये. तसेच पलीकडचा संगणक तोच आहे याची खात्री देणारे प्रमाणपत्र ते तपासते काय, हेही पाहावे. प्रमाणपत्राची सूचना आली असता ती डोळे मिटून मान्य करणे, म्हणजे लखोट्यावरची मोहोर न पाहताच तो फोडण्यासारखे आहे.

लिपीचा प्रश्न

आपल्यासारख्या अनेक भाषा बोलणाऱ्या प्रदेशांना या विषयाची आणखी एक बाजू जवळची आहे. टर्मिनलला जी लिपी येत नाही, ती मेनफ्रेमवर असली तरी दिसत नाही. भारतीय लिपींसाठी जिस्ट या नावाचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते वाढविले. भारतीय मानक म्हणून १९९१ साली स्वीकारलेल्या इस्की या कोष्टकात देवनागरी, कन्नड, तेलुगू, गुजराती इत्यादी लिपींतील समान उच्चाराच्या अक्षराला एकच क्रमांक दिलेला आहे. एबसिडिक कुळातही देवनागरीसाठी ११३७ हे कोड पेज आहे. मराठी, कोकणी किंवा हिंदी नावे मेनफ्रेमवरून पाहावयाची असतील, तर खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न थांबता प्रत्यक्ष पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘म्हाळसा’ अशी जोडाक्षरांची नावे उमटवून पाहावीत.

किंमत आणि देखभाल

विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयबीएमचे पर्सनल कम्युनिकेशन्स हे जुने आणि प्रसिद्ध आहे. विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एक्स३२७० हे कुटुंब मान्यता पावलेले आहे. त्यातील डब्ल्यूसी३२७० हे विंडोजवर, तर एक्स३२७० हे लिनक्ससारख्या प्रणालींवर चालते. विनामूल्य म्हणजे हलके, असा समज करून घेऊ नये. त्याचप्रमाणे, महाग म्हणजे कायमचे, असाही समज बरा नव्हे. या क्षेत्रातील नामांकित अटॅचमेट कंपनी २०१४ साली मायक्रो फोकसमध्ये विलीन झाली आणि मायक्रो फोकस २०२३ साली ओपनटेक्स्टकडे गेली. मालक बदलतात, नावे बदलतात. म्हणून दुरुस्ती कोण करणार आणि किती वर्षे, हे लेखी घ्यावे.

मोठ्या कार्यालयांत पडद्यावरील माहिती दुसऱ्या आज्ञावलीने आपोआप वाचून घेण्याची गरज पडते. त्यासाठी एचएलएलएपीआय नावाची जोडणी १९८० च्या दशकापासून रूढ आहे. जुन्या कार्यालयीन आज्ञावल्या तिच्यावर अवलंबून असतील, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती असणे अपरिहार्य ठरते. हे न पाहता केलेला बदल स्वस्त दिसतो, आणि पुढे शेकडो पडद्यांचे काम हातांनी करावे लागते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनाचे सार पुढील प्रश्नांच्या रूपाने देता येईल. प्रश्न याच क्रमाने विचारावेत. आधीच्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असल्यास पुढे जाण्याचे कारण नाही.

१. पलीकडचा संगणक कोणत्या घराण्याचे टर्मिनल मागतो : ३२७०, ५२५० की व्हीटी१०० ? टीएन३२७०ई आणि ठरावीक टर्मिनल-नाव आवश्यक आहे काय?
२. टीएलएस किंवा एसएसएच यांपैकी कोणते सुरक्षित आवरण सक्तीचे आहे?
३. कोड पेज कोणते? आपली लिपी व चिन्हे त्यात बसतात काय?
४. फाईली उतरवावयाच्या आहेत काय? त्यांत दाबून साठविलेल्या रकमा आहेत काय?
५. छपाई आणि पडद्याचे आपोआप वाचन यांची गरज आहे काय?
६. रोज काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाताला कळांची मांडणी मानवते काय?
७. किंमत किती, आणि देखभालीची जबाबदारी कोणाची?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडे नसतात. ती मेनफ्रेम सांभाळणाऱ्या विभागाकडे असतात. किंमत हा प्रश्न शेवटचा आहे, तो बिनमहत्त्वाचा म्हणून नव्हे. निरुपयोगी वस्तूची किंमत विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून तो शेवटी ठेवला आहे.

विद्यार्थ्यांसाठी सराव

मेनफ्रेम पाहावयास मिळत नाही, ही शिक्षकांची अडचण आज बरीच दूर झाली आहे. रॉजर बाऊलर यांनी १९९९ साली आरंभिलेले हर्क्युलिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर साध्या वैयक्तिक संगणकावर आयबीएम मेनफ्रेमची प्रतिकृती उभी करते. आयबीएमची आजची झेड/ओएस ही प्रणाली परवान्याशिवाय त्यावर चालविता येत नाही. परंतु एमव्हीएस ३.८जे ही तिची जुनी पूर्वज अभ्यासासाठी चालविता येते. त्याच संगणकावर डब्ल्यूसी३२७० सुरू केले की, यजमान आणि पाहुणा दोन्ही एकाच टेबलावर येतात. विद्यार्थ्यांकडून पुढील तीन प्रयोग करून घ्यावेत.

पहिला प्रयोग : पडद्यावरील छापील शीर्षकावर लिहिण्याचा प्रयत्न करावा, कळफलक बंद पडल्याची खूण तळाच्या ओळीत पाहावी आणि ‘रीसेट’ने तो मोकळा करावा.

दुसरा प्रयोग : कोड पेज बदलून तोच पडदा पुन्हा पाहावा आणि कोणती चिन्हे बदलली त्यांची यादी करावी.

तिसरा प्रयोग : १२, ३४, ५सी या तीन कप्प्यांचे तक्त्यावरून हाताने भाषांतर करावे आणि १२९४२ हे उत्तर स्वतः पडताळून पाहावे. हा तिसरा प्रयोग फळ्यावरही होतो. त्यासाठी संगणकाची आवश्यकता नाही.

समारोप

टर्मिनल सॉफ्टवेअर हे दोन काळांना जोडणारे साधन आहे. पलीकडे दशकानुदशके जपलेले हिशेब आहेत आणि अलीकडे आजचा कर्मचारी व आजचा नागरिक आहे. मधल्या दुभाष्याने एक शब्द चुकीचा सांगितला तर दोन्ही बाजू निर्दोष असूनही व्यवहार बिघडतो. दुभाषी नेमताना आपण त्याचा पोशाख पाहत नाही, त्याला दोन्ही भाषा येतात की नाही ते पाहतो. हीच दृष्टी येथेही ठेवावी. आधी यजमानाला विचारावे, मग साधन निवडावे, आणि कामास लावण्यापूर्वी एका माहीत असलेल्या रकमेने त्याची परीक्षा घ्यावी. १२३४५ धाडून १२३४५ च परत आले, तरच पुढचे पाऊल टाकावे.